वीसची दहा झाली, अडीचची पाच: आईच्या गोळ्या बदलताना

आईचं वय ६८. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना, आणि कोलेस्टेरॉलची गोळी कधी सुरू झाली ते तिलाही नीट आठवत नाही. २०२५च्या जूनमध्ये कोल्हापूरचं बिऱ्हाड आवरून ती आमच्याकडे पुण्याला कायमची राहायला आली. मधुमेहाच्या गोळ्यांचं काही अडलं नाही, मेटफॉर्मिन कुठेही मिळतं. अडलं ते बाकीच्या तीन गोळ्यांपाशी. त्या बदलून, नव्या अंगवळणी पडून, तपासण्या होऊन सगळं मार्गी लागायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात मी मराठीत बरंच शोधलं. कुठली गोळी कुठल्या गोळीच्या किती मिलिग्रॅमला उभी राहते, हे साध्या माणसासाठी लिहिलेलं काही हाती लागलं नाही. लसूण खा, जवस खा असे लेख मात्र ढीगभर. म्हणून आमच्याकडे जे जसं झालं ते क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते.

जुन्या चिठ्ठीवर कंपन्यांनी ठेवलेली नावं होती. आत काय आहे ते स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांतून, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून, मी वहीत उतरवलं. सकाळी एस-ॲम्लोडिपिन २.५. सकाळीच लोसार्टन ५० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र असलेली गोळी. रात्री सिमव्हास्टॅटिन २०. पुढे या एका पानाचा इतका उपयोग झाला की घरात कुणाच्याही गोळ्या चालू असतील तर आधी हे पान तयार करा असंच सांगेन. स्ट्रिप कापताना नेमका नावाचा भाग कापला जातो, तेव्हा एक अख्खी स्ट्रिप हातात असतानाच लिहून घ्यायचं. घटकाचं नाव, त्याच्यापुढचं क्षाराचं नाव (सक्सिनेट, टार्ट्रेट असं काही), मिलिग्रॅम, वेळ.

१४ जूनला, शनिवारी, मी जवळच्या मेडिकलमध्ये गेले. आईच्या ब्रँडपैकी दोन तिथे नव्हते. काउंटरवरच्या मुलाने ॲम्लोडिपिन २.५ची स्ट्रिप पुढे सरकवली. ‘मॅडम, कंटेंट सेम आहे, फक्त कंपनी वेगळी.’ आकडा तोच होता, नावही जवळपास तेच. पुढचा ‘एस’ तेवढा नव्हता. त्या एसचा अर्थ तेव्हा मला माहीत नव्हता; पण खात्याच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी चेक परत पाठवायची आम्हाला सवय, म्हणून विचारलं. त्याने आतून फार्मासिस्टना बोलावलं. ते साठीचे गृहस्थ. त्यांनी दोन्ही स्ट्रिपा शेजारी शेजारी धरल्या आणि मुलाला म्हणाले, ‘ही नको देऊस. अर्धाच डोस जाईल त्यांना.’

गोष्ट अशी आहे. ॲम्लोडिपिनचा रेणू दोन रूपांत असतो, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली. रक्तदाब उतरवण्याचं काम त्यातलं एस रूप करतं. साध्या गोळीत दोन्ही रूपं निम्मी निम्मी असतात. म्हणजे साध्या ॲम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅममध्ये कामाचा भाग २.५च. एस-ॲम्लोडिपिनच्या गोळीत फक्त तोच भाग घेतलेला असतो, म्हणून एसचे २.५ म्हणजे साधे ५. रक्तदाबाच्याच एस-मेटोप्रोलोल आणि एस-ॲटेनोलोलचाही हिशेब असाच, साध्याच्या निम्मा. आपल्याकडे या एसवाल्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात. परदेशात मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिकडच्या डॉक्टरांना बहुधा साधं ॲम्लोडिपिनच सवयीचं असतं, आणि चिठ्ठीवरचा २.५ वाचून ते साधं २.५ देऊन टाकण्याची भीती राहते.

कायद्याचं बोलायचं तर या गोळ्या शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या. औषध नियमावलीतल्या ६५व्या नियमानुसार चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं औषध, आतला घटक तोच असला तरी, दुकानदाराला परस्पर देता येत नाही. प्रत्यक्षात रोज हजारो काउंटरांवर दिलं जातं आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. त्या फार्मासिस्टकाकांनी मात्र सोमवारपर्यंत तीच कंपनी मागवून दिली, आणि जाता जाता म्हणाले, ‘इथला एखादा फिजिशियन बघून घ्या आता. दर महिन्याला कोल्हापूरचा माल शोधत बसणार का?’

फिजिशियनची वेळ २० जूनची मिळाली. फी ८०० रुपये, बाहेर थांबणं तासाभराच्या वर. डॉक्टर माझ्याहून लहान असतील. माझं पान त्यांनी दोनदा वाचलं, आईची जुनी फाइल चाळली आणि म्हणाले, ‘आज मी काहीच बदलणार नाही.’ आई खट्टू झाली. आठशे रुपये देऊन नवी गोळी नाही म्हणजे काय! पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. सध्याच्या गोळ्या कितपत काम करताहेत ते कळल्याशिवाय त्यांच्या तोडीचं काय द्यायचं हे ठरत नाही. त्यांनी आठवडाभर घरी रक्तदाब मोजायला सांगितला आणि तपासण्या लिहून दिल्या: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), सोडियम-पोटॅशियम, एसजीपीटी (यकृताची) आणि तीन महिन्यांची साखर. लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला, सगळे मिळून १४००च्या आसपास.

रक्तदाबाचं यंत्र २१०० रुपयांना घेतलं. दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. आणि पट्ट्याचं माप बघून घ्या. आईचा दंड जाड, नेहमीचा पट्टा जेमतेम पुरत होता. लहान पट्ट्यावर आकडा उगाच वर दिसतो. डॉक्टरांनी पद्धत सांगितली ती अशी: सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून गप्प बसायचं. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. अर्धा तास आधी चहा नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५च्या खाली हवी. यातलं ‘गप्प बसायचं’ सगळ्यात अवघड गेलं. आईला पाच मिनिटं न बोलता बसवणं म्हणजे काय ते आमच्या घरी येऊन बघा.

सरासरी आली १४२/८२. पण मजा सरासरीत नव्हती. सकाळचे आकडे १४८च्या घरात आणि संध्याकाळचे १३५च्या. आणि रक्तात सोडियम १३१, म्हणजे कमी (खालची मर्यादा १३५). एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०४. क्रिएटिनिन ०.९, पोटॅशियम ठीक.

१ जुलैला पुन्हा गेलो. फेरतपासणीचे ५००. या भेटीत मला खरी समज आली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी माझ्या परीने एक कोष्टक करून नेलं होतं. इंग्रजीत वाचून रक्तदाबाच्या एका गटाची ओळ जमवली होती: लोसार्टन ५०, टेल्मिसार्टन ४०, ओल्मेसार्टन २०, व्हल्सार्टन ८०. या चारही गोळ्या एकाच जातीच्या, आणि साधारण एकाच वजनाच्या मानल्या जातात. भाच्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून प्रत्येक औषधाचा ‘ठरावीक दैनिक डोस’ काढून दिला होता, तोही मी शेजारच्या रकान्यात लिहिला होता. डॉक्टरांनी पहिली ओळ बरोबर म्हणून खूण केली आणि भाच्याच्या रकान्यावर सरळ काट मारली. ती यादी देशात औषध किती खपतं हे मोजण्यासाठी आहे, गोळी बदलण्यासाठी नाही. त्या यादीत सिमव्हास्टॅटिनचे ३० आणि कोलेस्टेरॉलच्याच दुसऱ्या गोळीचे, ॲटोर्व्हास्टॅटिनचे २० असे आकडे आहेत. पण एलडीएल उतरवण्यात ॲटोर्व्हा २०च्या बरोबरीला यायला सिमव्हा ४० लागतं. नेटवर शोधलं की ही यादी लगेच पुढ्यात येते, म्हणून हे सांगून ठेवते.

मग ते सकाळच्या आकड्यांकडे वळले. लोसार्टन ५० आणि टेल्मिसार्टन ४० कागदावर बरोबरीचे खरे, पण लोसार्टन शरीरातून लवकर निघून जातं. स्वतः दोनेक तासांत अर्धं होतं, त्यापासून तयार होणारा कामाचा घटक सहा ते नऊ तासांत. टेल्मिसार्टन अर्धं व्हायला दिवसभराच्या आसपास लागतो. आईची सकाळची गोळी पहाटेपर्यंत पुरत नव्हती, म्हणून सकाळचा आकडा वर. मिलिग्रॅमची बरोबरी झाली तरी तासांची झाली असं नाही.

दुसरी गोष्ट सोडियम. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ बाहेर काढतं, आणि वयस्कर बायकांमध्ये सोडियम घसरण्याचं ते नेहमीचं कारण आहे. आईला गेले काही महिने उठताना गरगरायचं ते आम्ही प्रवासावर आणि उन्हावर ढकललं होतं. ते औषध बंद. त्याच जातीच्या क्लोरथॅलिडोनबद्दल मी विचारलं, कारण ते हल्ली पुष्कळांच्या गोळीत दिसतं. ते म्हणाले, क्लोरथॅलिडोन तर मिलिग्रॅमला मिलिग्रॅम धरलं तर जवळपास दीड-दोनपट जोरकस आणि अंगात कितीतरी जास्त वेळ राहणारं, तेव्हा या सोडियमवर ते मुळीच नको.

इथेच नावामागच्या शेपटांचंही सांगते. एकाच ब्रँडच्या गोळीमागे एच, एएम, सीटी, एएमएच अशी अक्षरं असतात. एच म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन, एएम म्हणजे ॲम्लोडिपिन, आणि एएमएच म्हणजे ॲम्लोडिपिन व हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही. डबा तोच, रंग तोच, आणि फोनवर ऑर्डर देताना आपण शेपूट गाळतो. आईचं एचवालं औषध बंद झाल्यावर मी मेडिकलच्या व्हॉट्सॲपवर घटकाचं नाव लिहूनच मागवायला लागले.

तर नवी चिठ्ठी अशी: टेल्मिसार्टन ४० आणि साधं ॲम्लोडिपिन ५, वेगवेगळ्या गोळ्या. दोन्ही एकत्र असलेली गोळी मिळते, पण डोस अजून ठरायचा आहे तोवर सुट्याच बऱ्या, नाहीतर एकीचा डोस वाढवायचा म्हटलं की दोन्ही बदलाव्या लागतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीला त्या दिवशी हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे काही त्रास झाला तर तो कुणाचा ते कळतं. मला हे फार पटलं.

घरी आल्यावर आईने चिठ्ठी हातात घेतली आणि तिचा चेहरा पडला. ‘अगं, अडीचची पाच केली की! एवढं काय बिघडलंय माझं?’ मी एसची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली. संध्याकाळी इचलकरंजीच्या मावशीला फोनवर ‘डबल केली गं गोळी’ असंच सांगत होती.

जुन्या स्ट्रिपा हा आमच्या घरातला वेगळा प्रश्न. लोसार्टनच्या वीसेक गोळ्या उरल्या होत्या, आणि आईच्या राज्यात काही वाया जात नाही. ‘ह्या संपवते, मग ती सुरू करते’ पासून ‘एक दिवस ही, एक दिवस ती’ पर्यंत सगळे प्रस्ताव आले. लोसार्टन आणि टेल्मिसार्टन एकाच जातीचे, एकत्र पोटात गेले तर रक्तदाब खूप उतरू शकतो, पोटॅशियम चढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. मी त्या स्ट्रिपा ऑफिसच्या बॅगेत टाकल्या आणि फार्मासिस्टकाकांकडे दिल्या. पोटॅशियमवरून आणखी एक: ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून वहिनीने ते आणून दिलं होतं. टेल्मिसार्टन-लोसार्टन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये. आमच्या घरात ते भांडी घासायला वापरलं गेलं.

२ जुलैला नव्या गोळ्या सुरू. आदल्या दिवशीपर्यंत जुनी, दुसऱ्या सकाळपासून नवी, मध्ये खंड नाही आणि दोन्ही एकत्रही नाहीत. मी हौसेने सोमवार-मंगळवारच्या कप्प्यांचा डबा आणला आणि आठवड्याच्या गोळ्या सोलून भरल्या. फार्मासिस्टकाकांनी तो डबा पाहिला आणि टेल्मिसार्टन तेवढी बाहेर काढायला लावली. ही गोळी हवेतला ओलावा ओढते. घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची. पुण्याचा जुलै, घरात कपडे वाळत नाहीत, तिथे ती गोळी आठवडाभर उघड्यावर! तेव्हापासून आम्ही टेल्मिसार्टनची स्ट्रिप कात्रीने कापतो आणि कागदासकट एकेक तुकडा कप्प्यात ठेवतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त आणि पुन्हा आठवड्याची मोजणी. सोडियम १३७, पोटॅशियम ४.६, क्रिएटिनिन तेवढंच. गरगरणं थांबलं होतं. सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक जवळपास मिटला. पण सरासरी १३९/८०. एक औषध कमी केलंय म्हटल्यावर तेवढं होणारच होतं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ८० केलं.

मी मनात गणित मांडलं, दुप्पट गोळी म्हणजे आता ही एकदम खाली येणार. तसं होत नाही. ॲम्लोडिपिन असो की टेल्मिसार्टन, डोस निम्मा केला तरी परिणाम निम्मा होत नाही, पाचव्या हिश्श्याच्या आसपासच कमी होतो. २००३ मध्ये ३५४ चाचण्यांचे आकडे एकत्र करून हे दाखवलं गेलं आहे. उलट बाजूने बघितलं तर दुप्पट केल्यावर थोडीच भर पडते. म्हणून डॉक्टर लोक एक गोळी वाढवत नेण्यापेक्षा दुसऱ्या जातीची गोळी जोडतात. आईला पाणी काढणारं औषध चालत नव्हतं, आणि ॲम्लोडिपिन १० केलं तर पायांवर सूज यायची शक्यता जास्त. तिला संध्याकाळी घोट्याशी जराशी सूज येतही होती. ती वाढली तर ॲम्लोडिपिन ५च्या जागी त्याच जातीचं सिल्निडिपिन १० देऊन बघू, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं. तशी वेळ आली नाही. ऑगस्टमध्ये सरासरी १३२/७६ वर स्थिरावली.

मधल्या काळात, २१ जुलैला, कोलेस्टेरॉलची गोळी बदलली.

इथे सिमव्हास्टॅटिन नुसतं वाढवता आलं असतं का, हा माझा प्रश्न होता. नाही. ॲम्लोडिपिन चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन २०च्या वर देत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये ही मर्यादा घातली. ॲम्लोडिपिनमुळे सिमव्हास्टॅटिन रक्तात जास्त साठतं आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. आई नेमकी त्या मर्यादेवर होती. म्हणजे गोळी बदलणं भाग होतं.

कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. त्यांची बरोबरीची ओळ अशी: सिमव्हास्टॅटिन २०, ॲटोर्व्हास्टॅटिन १०, रोसुव्हास्टॅटिन ५ आणि प्रव्हास्टॅटिन ४०. एलडीएल कमी करण्यात हे चार साधारण शेजारी शेजारी बसतात. २००३ मध्ये या चारही औषधांची वेगवेगळ्या डोसांत समोरासमोर तुलना करणारी एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात सिमव्हा २०ने एलडीएल सरासरी ३५ टक्के उतरलं, ॲटोर्व्हा १०ने ३७, आणि रोसुव्हा १०ने ४६ टक्के. ‘दहाची गोळी’ एवढंच म्हणून भागत नाही ते यामुळे. ॲटोर्व्हाची दहा आणि रोसुव्हाची दहा यांत एका पायरीहून जास्त अंतर आहे. आणि कुठल्याही स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर साधारण ६ टक्क्यांचीच भर पडते. पुन्हा तीच गोष्ट, दुप्पट म्हणजे दुप्पट नव्हे.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर आकडेमोड केली. गोळी चालू असताना एलडीएल १०४, गोळीने ३५ टक्के उतरवलं असं धरलं तर मूळ १६०. मधुमेह आहे म्हणून त्यांना ७०च्या खाली हवं होतं. रोसुव्हा १० दिली तर १६०चे ८६च्या आसपास होतील. २० दिली तर ७७. म्हणजे एकट्या गोळीने गाडी पोचणार नव्हती, हे त्यांना सुरुवातीलाच दिसत होतं. तरी पहिल्या फेरीत त्यांनी १०च दिली. आशियाई लोकांच्या रक्तात हे औषध गोऱ्या लोकांच्या मानाने जवळपास दुप्पट पातळी गाठतं, म्हणून इथे हात जरा आखडता ठेवायचा, आणि तिचं शरीर कसं घेतं ते आधी बघायचं.

घरी पुन्हा चिठ्ठीवाचन. या वेळी आई खूश. ‘वीसची दहा केली! निम्मी झाली की गोळी. बघ, पथ्य केल्याचा फायदा.’ मी काही बोलणार तेवढ्यात मावशीला फोन लागलासुद्धा. तोडीचीच असलेली ॲम्लोडिपिन तिला दुप्पट वाटत होती, आणि आधीपेक्षा जोरदार असलेली रोसुव्हास्टॅटिन निम्मी. मावशीने तिकडून विचारलं, तिच्या स्ट्रिपवर मेटोप्रोलोल सक्सिनेट २३.७५ आणि त्याच्याच खाली २५ असे दोन आकडे का आहेत, दुकानदार फसवतोय का. नाही. सक्सिनेट आणि टार्ट्रेट हे वेगवेगळे क्षार, वजनं वेगळी, सक्सिनेटचे २३.७५ म्हणजे टार्ट्रेटचे २५. एकच गोळी, दोन पद्धतींनी लिहिलेली. चिठ्ठीवर २५ आणि स्ट्रिपवर २३.७५ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. हे मला त्याच आठवड्यात फार्मासिस्टकाकांनी सांगितलं होतं म्हणून तोंडावर होतं.

सिमव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायचं असतं, कारण यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं आणि हे औषध अंगात फार वेळ टिकत नाही. रोसुव्हाला वेळेचं बंधन नाही. आईला रात्रीची सवय, तीच ठेवली. डॉक्टरांनी बजावलं ते एवढंच: मांड्या-दंड विनाकारण दुखायला लागले किंवा लघवी गडद झाली तर फोन करा, आपल्या मनाने बंद करू नका. तिचे गुडघे आधीपासूनच दुखतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे रोज ‘हे गुडघ्याचं की गोळीचं’ हा ऊहापोह चालायचा. गुडघ्याचंच होतं.

ऑगस्टमध्ये डोस बसल्यावर जनऔषधी केंद्राचं पाहिलं. हेही डॉक्टरांना विचारून. त्यांनी चिठ्ठी कंपनीच्या नावाऐवजी घटकांच्या नावाने लिहून दिली. ब्रँडवरून जेनेरिकवर जाणं आणि एका औषधावरून दुसऱ्यावर जाणं या दोन गोष्टी लोक एकात मिसळतात. टेल्मिसार्टन ८० ब्रँडचं घ्या की जेनेरिक, ८०चे ८०च, तिथे कोष्टक लागत नाही. लोसार्टनचं टेल्मिसार्टन करायचं तेव्हा लागतं. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळची केंद्रं आणि औषधांचे दर दिसतात, पण साठा आहे की नाही ते फोन करूनच विचारलेलं बरं. पहिल्यांदा गेले तेव्हा रोसुव्हास्टॅटिन संपलेलं होतं. आधी तीन गोळ्यांचे महिन्याला हजाराच्या आसपास जायचे, आता टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि रोसुव्हास्टॅटिन मिळून दीडशेच्या घरात भागतं. फरक बघून आईला आधी संशयच आला. मी म्हटलं यंत्र आहे ना घरात, मोजून बघ. दोन आठवडे मोजलं, आकडे हलले नाहीत, मग तिनेच मैत्रिणींना पत्ता द्यायला सुरुवात केली.

१५ सप्टेंबरला, गोळी बदलून आठ आठवडे झाल्यावर, लिपिड प्रोफाइल. स्टॅटिनचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे तरी द्यावे लागतात, आधी केलेली तपासणी फुकट जाते. एलडीएल ८४. चिठ्ठीमागच्या आकडेमोडीत ८६ होते. रोसुव्हा २० करायची का, तर डॉक्टर म्हणाले त्याने सहा टक्के मिळतील आणि आपल्याला त्याहून जास्त हवेत. त्यांनी इझेटिमाइब १० जोडलं. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवतं, काम करायची जागाच वेगळी, आणि स्टॅटिनवर साधारण पाचवा हिस्सा आणखी उतरवतं. हे आम्ही बाहेरच्या मेडिकलमधून घेतो. २२ सप्टेंबरपासून औषधांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्के झाला, त्यामुळे दुसऱ्या महिन्याचं बिल किंचित हलकं आलं.

दिवाळीत आईला घेऊन कोल्हापूरला गेले. दोन महिन्यांच्या गोळ्या आणि ते पान, आता चांगलंच गिचमिड झालेलं, सोबत. तिच्या जुन्या डॉक्टरांना भेटायचं तिने ठरवूनच ठेवलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी बदललं ते चुकलं, असं त्यांना वाटेल की काय, अशी मला धाकधूक होती. त्यांनी पान वाचलं, सोडियमचे दोन्ही आकडे बघून मान हलवली, पोटॅशियम परत केव्हा तपासणार एवढं विचारलं आणि नवी नावं त्यांच्या वहीत आईच्या जुन्या पानाखाली लिहून घेतली. फी घेतली नाही, फराळाचं ताट समोर आलं.

१७ नोव्हेंबरची तपासणी: एलडीएल ६७, सोडियम १३८, पोटॅशियम ४.५, रक्तदाबाची सरासरी १३१/७६. आता टेल्मिसार्टन ८० आणि ॲम्लोडिपिन ५ एकाच गोळीत घ्यायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले. पुढची भेट फेब्रुवारीत. मावशीने तिच्या सगळ्या स्ट्रिपांचे फोटो पाठवले आहेत, त्यांत एक एस-मेटोप्रोलोलही निघालं, म्हणजे तिच्या घरात आता दोन डॉक्टरांनी लिहिलेली मेटोप्रोलोलची दोन रूपं आहेत आणि ती दोन्ही घेते की एकच, ते फोनवर नीट कळेना. पान तयार करून दिलं आहे. सोमवारी तिचा मुलगा तिला ते घेऊन डॉक्टरांकडे नेणार आहे.